डाक बंगल्याचे दार: रस्त्याकडेच्या सरकारी निवाऱ्यापासून कॅमडेनच्या एका घरापर्यंत

लंडनच्या कॅमडेन बरोमध्ये, चॉक फार्म स्थानकापासून थोड्याच अंतरावर, किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे एक घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात येथे राहत होते, असे घराच्या दर्शनी भिंतीवरील निळी पाटी सांगते. महाराष्ट्र शासनाने हे घर तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देऊन विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ते स्मारक म्हणून खुले झाले. पुढे याच घरावरून वाद उभा राहिला. नियोजनाच्या नोंदीनुसार ती राहण्याची वास्तू होती. तिचे संग्रहालय करण्याची परवानगी कॅमडेन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली. निवासाची जागा कमी होते हा कौन्सिलचा आक्षेप होता, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ वाढेल ही काही शेजाऱ्यांची तक्रार होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये गृहनिर्माण खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला.

घर कोणासाठी उघडे असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. बाबासाहेबांच्या आयुष्यात तो फार आधी, फार वेगळ्या रूपात आला होता: घाटमाथ्यावरच्या सडकेवर, रात्रीच्या मुक्कामाला जागा शोधताना. त्या काळी हिंदुस्थानातील सडकांवर सरकारने बांधलेले निवारे होते. त्यांना कोणी डाक बंगला म्हणे, कोणी ट्रॅव्हलर्स बंगला, तर गावकऱ्यांच्या तोंडी तो नुसता ‘सरकारी बंगला’ असे. हे निवारे काय होते, कसे चालत आणि त्यांचे दार कोणाला उघडत असे, हे समजून घेतले की किंग हेन्रीज रोडवरील घराकडेही वेगळ्या दृष्टीने पाहता येते.

या इतिहासाची कागदपत्रेही योगायोगाने कॅमडेनमध्येच आहेत. बरोच्या दक्षिण भागात, सेंट पँक्रसजवळ ब्रिटिश लायब्ररी आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि इंडिया ऑफिस यांचे दप्तर १९८२ मध्ये या ग्रंथालयाच्या ताब्यात आले. सुमारे चौदा किलोमीटर लांबीची फडताळे व्यापणाऱ्या या दप्तरात मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची कार्यवृत्तेही आहेत. सडका, पूल, धरणे यांच्याबरोबर बंगल्यांचे बांधकाम आणि दुरुस्ती हेही याच खात्याचे काम होते.

डाक आणि बंगला

मराठीत पत्रव्यवहाराला ‘टपाल’ हा शब्द रूढ असला, तरी ‘डाक बंगला’ या जोडशब्दात ‘डाक’ टिकून राहिली. डाक म्हणजे मुळात टप्प्याटप्प्याने चालणारी व्यवस्था. एका टप्प्यावरचा हरकारा पत्रांची थैली घेऊन धावे आणि पुढच्या टप्प्यावर ती दुसऱ्याच्या हाती देई. हीच पद्धत माणसांच्या प्रवासालाही लागू झाली. पालखीने लांब जायचे असल्यास काही दिवस आधी पोस्टमास्तरकडे अर्ज करायचा. मग वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर ताज्या दमाचे भोई तयार ठेवले जात. त्याला ‘डाक बसवणे’ म्हणत. असा प्रवास बहुधा रात्री होई, कारण दिवसा ऊन सोसवत नसे. दिवसभर विसावा घेण्यासाठी वाटेत छप्पर लागे, आणि त्या गरजेतून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रमुख सडकांवर सरकारी बंगले उभे राहू लागले.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात डाक बंगल्याची स्वतंत्र नोंद आहे. मोठ्या रहदारीच्या मार्गांवर हे बंगले दहा ते पंधरा मैलांच्या अंतराने असत, असे ती सांगते. त्यामुळे तंबू बरोबर न घेताही दररोजची मजल मारीत प्रवास करता येई. कमी वर्दळीच्या वाटांवर हे अंतर चाळीस-पन्नास मैलांचे असे, म्हणजे पालखीच्या एका रात्रीच्या पल्ल्याइतके.

वाटसरूंसाठी निवारा बांधणे ही कल्पना इंग्रजांची नव्हे. सम्राट अशोकाच्या लेखांत रस्त्याकडेच्या विहिरी आणि विश्रांतीच्या जागा यांचा उल्लेख येतो. शेरशाह आणि मुघल बादशहांच्या काळात मोठ्या मार्गांवर सराया होत्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री आणि यात्रामार्गांवर धर्मशाळा आणि घाट बांधले, विहिरी खोदल्या. मात्र धर्मशाळा हे पुण्यकर्म मानले जाई. बांधणाऱ्याच्या श्रद्धेतून ती उभी राही आणि तिचा वापर गावाच्या रूढीप्रमाणे होई. डाक बंगला खात्याच्या खर्चाने उभा राही, त्याचे भाडे ठरलेले असे आणि त्याची नियमावली भिंतीवर टांगलेली असे. पुण्याऐवजी नियम, हा त्यातला नवा भाग होता.

बंगल्याच्या आत

बंगल्याचा आराखडा साधारणतः सगळीकडे सारखा असे. उंच जोते, पुढे किंवा चारी बाजूंनी व्हरांडा, मधोमध जेवणाची खोली, दोन्ही अंगांना निजण्याच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला मागच्या बाजूस न्हाणीघर. छत उंच, वर कौले किंवा गवताचे शाकार. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत. धूर आणि आगीचे भय दोन्ही बंगल्यापासून लांब राहावेत म्हणून. आवारात विहीर, घोड्यांसाठी तबेला आणि एखादे वड-चिंचेचे मोठे झाड. सामान बेताचेच: खाट, टेबल, खुर्च्या आणि लांब हातांची एक आरामखुर्ची. अंथरूण-पांघरूण प्रवाशाने स्वतःचे आणायचे असे.

या घराला कायमचा मालक नव्हता, पण कायमचे नोकर होते. खानसामा स्वयंपाक करी, भिस्ती पखालीने पाणी भरी, चौकीदार राखण करी, आणि सफाईचे काम त्या कामाला जातीने बांधल्या गेलेल्या माणसाकडे असे. पुढे खोलीत पंखा टांगला गेला, तेव्हा तो ओढणाराही आला. खानसाम्याच्या स्वयंपाकाची कीर्ती फारशी चांगली नव्हती. प्रवासी आवारात शिरताच अंगणातली कोंबडी पकडली जाई आणि त्याचे स्नान उरकेपर्यंत ती ताटात येई. या पदार्थाला इंग्रज मंडळी थट्टेने ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणत, अशी नोंद ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे. या बंगल्यांविषयी भुताखेतांच्या गोष्टीही पुष्कळ रचल्या गेल्या. रडयार्ड किपलिंगची १८८८ सालची भूतकथा अशाच एका डाक बंगल्यात घडते.

मात्र बंगल्यातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे तेथील नोंदवही. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, भरलेले भाडे आणि शेवटच्या रकान्यात अभिप्राय. अधिकारी तपासणीला आला की तो हे अभिप्राय वाची, म्हणून खानसामा त्या रकान्याला भिऊन असे. भाडे साधारणतः दिवसाला एक रुपया. चोवीस तास झाल्यावर नवा प्रवासी आला आणि जागा नसेल, तर आधीच्याने खोली सोडायची, असाही नियम असे. म्हणजे आधी आला म्हणून कोणी तेथे ठाण मांडू शकत नव्हता. प्रवाशाचा हक्क येण्याच्या वेळेवर आणि भरलेल्या पैशांवर ठरावा, ही या वहीमागची कल्पना होती. निदान कागदावर ती तशी होती.

मुंबई इलाख्यातील तीन निवारे

मराठी मुलखात या व्यवस्थेला वेग आला तो सडकांमुळे. बोरघाटातून गाडीने जाता येईल असा रस्ता १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवासाचे स्वरूप पालटले. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात, १८५४ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि सडका-बंगल्यांच्या कामाला एकसारखे वळण लागले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६३ मध्ये रुळांनी बोरघाट ओलांडला. लांबचा प्रवास आगगाडीने होऊ लागला, तसे हमरस्त्यांवरील डाक बंगल्यांचे महत्त्व ओसरले. तालुक्याच्या गावांना, घाटांत आणि कोकणात जेथे रूळ पोचले नव्हते, तेथे मात्र ते टिकले, आणि दौऱ्यावरील अधिकाऱ्यांच्या मुक्कामाला अधिकाधिक वापरले जाऊ लागले. पाटबंधारे आणि वन खात्यांनीही आपापले बंगले बांधले.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील निवाऱ्यांचा हिशेब दिलेला आढळतो. त्यातून तीन वर्ग दिसतात: युरोपीय प्रवाशांसाठी बंगले, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसाठी बंगले, आणि ‘नेटिव्ह’ वाटसरूंसाठी धर्मशाळा. ही विभागणी लिहिणाऱ्याला इतकी स्वाभाविक वाटत होती की तिच्यावर टिप्पणी करण्याचीही गरज त्याला भासली नाही. सडक एकच, टोल सर्वांकडून, पण रात्रीचे छप्पर तीन प्रकारचे.

या तिन्हींच्या बाहेर आणखी एक वर्ग होता, त्याची नोंद या हिशेबात नाही. धर्मशाळा गावाच्या रूढीने चाले, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाटसरूला तिच्यात जागा नसे. विपर्यास असा, की सडकेची आणि बंगल्याची पुष्कळशी सेवा याच लोकांकडून घेतली जाई. वतनी चाकरी म्हणून गावचा महार सरकारी कागद पुढच्या गावी पोचवी, वाटाड्या होई, आणि साहेबाच्या दौऱ्याचे सामान मुक्कामापर्यंत वाहून नेई. त्या मुक्कामाच्या आत मात्र त्याला स्थान नव्हते. महार वतनाच्या या चाकरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते उगीच नव्हे.

दोन मुलांचे दोन मुक्काम

नियमाचे दार प्रत्यक्षात कसे उघडे आणि कसे मिटे, हे दोन आठवणींवरून दिसते. दोन्ही लिहिणारे पुढे जगप्रसिद्ध झाले आणि दोघेही त्या प्रवासात लहान मुलगे होते.

पहिली आठवण १८७३ ची. रवींद्रनाथ ठाकूर तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे होते. वडील देवेंद्रनाथांबरोबर ते हिमालयात डलहौसीकडे निघाले होते. वाटेत संध्याकाळी डाक बंगल्यात मुक्काम पडे. वडील बाहेर खुर्च्या मांडायला सांगत आणि डोंगरातल्या स्वच्छ आकाशात तारे उगवू लागले की मुलाला नक्षत्रांची ओळख करून देत. हिंदी माणसाला डाक बंगल्याचे दार सरसकट बंद नव्हते, हे या आठवणीतून कळते. धन, प्रतिष्ठा आणि इंग्रजी शिष्टाचाराशी परिचय असला की ते उघडत असे.

दुसरी आठवण १९०१ ची, सातारा जिल्ह्यातील. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात ती सांगितली आहे. वडील गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे असे मुलांचेच टोळके नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा बदलला. भाड्याची बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट पैसे घेऊन एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार.

रात्री उशिरा गाडी डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर पोचली. बरोबर शिदोरी होती, पण पाणी नव्हते. जवळच्या ओहोळातले पाणी शेणामुताने घाण झालेले होते. टोल वसूल करणारा हिंदू होता, म्हणून मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले. पाणी मिळाले नाही. पोरे उपाशीच गाडीजवळ निजली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोरेगावला पोचली.

दोन्ही प्रसंगी सडक सरकारचीच होती. पहिल्या मुलाला तिच्या कडेला खुर्ची आणि आकाश मिळाले. दुसऱ्या मुलाच्या गाडीने टोलनाका गाठला, पण त्या नाक्यावर त्याला घोटभर पाणीही मिळाले नाही. पुढे सोळा वर्षांनी, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हाही मुक्कामाचा प्रश्न तसाच होता. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी विश्रामगृहात, व्यवस्थापकाच्या संमतीने, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, पण तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. शहरात दुसरा आसरा न मिळाल्याने बाबासाहेबांनी उरलेला दिवस कामाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. वही होती, भाडे होते, खोली रिकामी होती. अडसर फक्त खऱ्या नावाचा होता.

कॅमडेनमधील भाड्याची खोली

अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. या मुक्कामातील त्यांचे बरेचसे जग आजच्या कॅमडेन बरोच्या हद्दीत येते, मात्र हा बरो हॅम्पस्टेड, हॉबर्न आणि सेंट पँक्रस मिळून १९६५ मध्ये झाला, तेव्हा ते नाव त्यांच्या काळात नव्हते. किंग हेन्रीज रोडवरील घर, ब्लूम्सबरीतील ब्रिटिश म्युझियमची वाचनशाळा आणि बॅरिस्टरीचे ‘ग्रेज इन’ ही तिन्ही ठिकाणे येथे आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स थोडे पलीकडे, वेस्टमिन्स्टरमध्ये.

चरित्रकार धनंजय कीर यांनी या दिवसांचे वर्णन केले आहे. घरमालकीण कडक होती. सकाळी पावाचा एक तुकडा, माशाचे थोडे वाटण आणि चहा. रात्री बॉव्हरिलचा पेला आणि बिस्किटे. मुंबईकर परिचिताने दिलेले पापड रात्रीच्या भुकेला उपयोगी पडत. सकाळी वाचनशाळा उघडताच ते तेथे हजर असत. आजच्या विद्यार्थ्याला किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी तरुणाला या वर्णनातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल: महाग भाडे, अपुरे जेवण, घरमालकाचे नियम. पण या खोलीत एक गोष्ट वेगळी होती. येथे त्यांना दुसऱ्याचे नाव लिहावे लागले नाही.

इंग्लंड समतेचे नंदनवन होते असा याचा अर्थ नाही. हिंदी विद्यार्थ्याला पाहून ‘खोली शिल्लक नाही’ असे सांगणाऱ्या घरमालकिणी लंडनमध्येही होत्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये स्थिरावलेल्या वायएमसीएच्या हिंदी विद्यार्थी वसतिगृहाची गरज त्यातूनच भासत होती. तेही कॅमडेनमध्येच आहे. पण वगळण्याचे कारण आणि त्याची धार येथे निराळी होती, आणि त्या फटीत बाबासाहेबांना अभ्यासाची सलग वर्षे मिळाली. १९२१ मध्ये एम. एस्सी., त्यानंतर बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी., हे त्या खोलीतल्या रात्रींचे फळ होते.

ठराव, तळे आणि ट्रॅव्हलर्स बंगला

ते परतले त्याच वर्षी मुंबईत एक महत्त्वाचा ठराव झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला हा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरता यावेत, असे त्यात म्हटले होते. धर्मशाळा हा शब्द या यादीत आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. रात्रीचा निवारा हा दानाऐवजी नागरिकाचा हक्क आहे, हे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने मान्य केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला.

तो कागद कृतीत उतरला २० मार्च १९२७ रोजी. परिषदेला जमलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यांचा स्वतःचा मुक्काम महाडच्या ट्रॅव्हलर्स बंगल्यात होता. ते तेव्हा बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. ज्या मुलाला सव्वीस वर्षांपूर्वी टोलनाक्यावर पाणी मिळाले नव्हते, त्याला आता सरकारी बंगल्याचे दार उघडे होते.

त्या दुपारी गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या आणि गावाकडे परतू लागलेल्या लोकांवर हल्ले झाले. मामलेदार आणि पोलीस अधिकारी बाबासाहेबांना भेटायला आले ते या बंगल्यावरच. तुम्ही तुमच्या लोकांना आवरा, मी माझ्या लोकांना आवरतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ते रस्त्यावर गेले, जमावाला समजावले आणि परतले, तेव्हा संतापलेले कार्यकर्ते बंगल्याच्या आवारात प्रतिकाराच्या आज्ञेची वाट पाहत होते. त्यांनी ती दिली नाही. जखमींपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

बंगल्यातील मुक्काम ही तेव्हा एका माणसाला त्याच्या पदामुळे मिळालेली सोय होती. बाहेर मंडपात बसलेल्या हजारोंना तसे दार नव्हते. चवदार तळ्याचा लढा याच अंतरासाठी होता: एखाद्याला मिळालेली सवलत सर्वांच्या हक्कात कशी बदलायची. न्यायालयीन लढाई पुढे दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

खात्यापासून राज्यघटनेपर्यंत

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. केंद्राचे सार्वजनिक बांधकाम तेव्हा याच खात्याच्या अखत्यारीत होते. ज्या खात्याच्या परंपरेतून सडका आणि बंगले निर्माण झाले, त्याची सूत्रे चार वर्षे त्यांच्या हाती होती.

त्यानंतर आली राज्यघटना. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचताना सातारा, बडोदा आणि महाड ही तिन्ही ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. तसेच शासनाच्या पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यास मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी आले. गॅझेटियरने तीन वर्गांत वाटलेले छप्पर कायद्याने एक केले.

आजचा मुक्काम

महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला आजही शासकीय विश्रामगृहे आहेत. काही जुन्याच दगडी जोत्यांवर उभी आहेत, काहींच्या व्हरांड्यातली लांब हातांची खुर्ची अजून जागेवर आहे. खानसाम्याची नोंदवही गेली, आरक्षणाची पद्धत आली. अग्रक्रम मात्र अजून मंत्री, लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांनाच. खोली रिकामी असेल तर सामान्य नागरिकाचा विचार होतो. वर्णाची आणि जातीची अट कायद्याने गेली, तरी पदाची अट जुन्या बंगल्याइतकीच जिवंत आहे. गावाकडे गेलेल्या परदेशस्थ मराठी माणसाला कोणाच्या तरी ओळखीने तेथे खोली मिळते, तेव्हा ‘ओळख’ हा शब्द किती जुना आहे, हे त्याच्या लक्षात येतेच असे नाही.

किंग हेन्रीज रोडवरील घराच्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते. लंडनमध्ये राहण्याच्या जागांची टंचाई खरी आहे आणि प्रत्येक घर जपण्याचे कौन्सिलचे धोरणही त्यातूनच आले. तरी अखेर हे घर पाहायला येणाऱ्या सर्वांसाठी उघडे राहिले. तेथे कोणीही मुक्काम करीत नाही. जगभरातून माणसे येतात, खोल्या पाहतात, आणि निघताना अनेकजण अभिप्राय लिहून आपली सही करतात, आपापल्या खऱ्या नावाने.